ओघ, प्रलय आणि उगमाचा शोध

१

जलप्रलयाच्या कथांविषयी गेल्या दीडशे वर्षांत जे लेखन झाले, त्यातील फार मोठा भाग एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो : असा पूर खरोखर कधी आला होता काय, आणि आला असल्यास कोठे? हा प्रश्न आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की तो या कथांमध्येच दडलेला आहे असा आपला समज होतो. वस्तुतः ज्यांनी या कथा सांगितल्या आणि लिहून ठेवल्या, त्यांच्यापुढे हा प्रश्न नव्हता. इ.स.पू. तिसऱ्या शतकात बाबिलोनचा पुरोहित बेरोसस ग्रीक वाचकांसाठी आपल्या देशाचा वृत्तान्त लिहितो, तेव्हा त्या नौकेचा काही भाग आर्मेनियाच्या डोंगरात अजून आहे आणि लोक तिच्यावरील डांबर खरवडून ताईत म्हणून वापरतात, असे तो सांगून जातो. नौकेचे अवशेष त्याला पुरावा म्हणून लागत नाहीत. पूर आला होता हे त्याला सिद्ध करायचे नाही. डांबराचा उपयोग काय, एवढेच त्याला सांगायचे आहे.

पूर ही सिद्ध करण्याची गोष्ट केव्हा झाली, याची जवळजवळ तारीख देता येते. ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये बायबलविषयक पुरातत्त्वाच्या एका संस्थेपुढे जॉर्ज स्मिथ याने एक निबंध वाचला. स्मिथ मुळात नोटांच्या ठशांचे कोरीवकाम शिकलेला कारागीर. क्यूनिफॉर्म लिपी त्याने स्वतःच्या हिमतीवर हस्तगत केली होती. निनेवे येथील अश्शुरबनिपालाच्या ग्रंथालयातून ब्रिटिश म्यूझियममध्ये आलेल्या मृत्फलकांपैकी एकावर त्याला नौका, डोंगरावर थांबणे, पक्षी सोडणे असा मजकूर सापडला. तो 'गिल्गमेश' महाकाव्याचा अकरावा फलक होता. त्या सभेला पंतप्रधान ग्लॅडस्टन उपस्थित होते. बायबलला बाहेरून साक्षीदार मिळाला असे एका पक्षाला वाटले. बायबलची कथा उसनी आहे हे उघड झाले असे दुसऱ्याला वाटले. दोन्ही पक्षांचे गृहीत एकच होते : दोन संहितांतील साम्य म्हणजे त्यांच्या मागे असलेल्या तिसऱ्या कशाचा तरी, मूळ संहितेचा किंवा मूळ घटनेचा, पुरावा.

पुढे जे घडले ते या शोधाच्या स्वरूपावर चांगलाच प्रकाश टाकते. फलकाचा काही भाग तुटलेला होता. 'डेली टेलिग्राफ'ने पैसे दिले, आणि १८७३ मध्ये स्मिथ निनेवेला जाऊन थोड्याच दिवसांत हवा तो तुकडा घेऊन परतला. नौका बांधण्याची आणि भरण्याची आज्ञा त्यावर होती. त्रुटी भरून निघाली म्हणून सर्वत्र आनंद झाला. तो तुकडा 'गिल्गमेश'चा नव्हताच, हे नंतर ध्यानात आले. तो 'अत्रहसिस' या वेगळ्या काव्याचा होता. या काव्यात त्याच पुराला निराळेच कारण आणि निराळाच शेवट आहे. पुरावा हवा होता म्हणून दोन संहिता एक झाल्या. स्मिथ १८७६ मध्ये अलेप्पो येथे वारला. आपण एक कविता दुसरीच्या भोकात बसवली हे त्याला कळले नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण ती खोड त्याच्याबरोबर संपली नाही.

२

पुढचा अध्याय मातीचा आहे, आणि तो मी थोडक्यात सांगतो, कारण त्याची हकिगत अनेकदा लिहिली गेली आहे. १९२८-२९ च्या हंगामात लेनर्ड वुली यांना उर येथील खड्ड्यात सुमारे अकरा फूट जाडीचा स्वच्छ गाळ लागला. वर आणि खाली मानवी वस्तीच्या खुणा होत्या. याचा अर्थ काय, असे त्यांनी सहकाऱ्यांना विचारले. त्यांच्या पत्नी कॅथरीन सहज म्हणाल्या की हा तर प्रलयच. ही हकिगत वुली यांनी स्वतःच नोंदवली आहे. त्यानंतर किश येथे गाळ सापडला, शुरुप्पक येथे सापडला. पण हे थर एका काळाचे नाहीत. उरचा थर उबैद संस्कृतीच्या काळातला, शुरुप्पकचा इ.स.पू. २९०० च्या सुमाराचा. किशचे थर एकाहून अधिक. उरपासून जेमतेम बारा मैलांवरील एरिदु येथे तर असा थर लागलाच नाही. दोन नद्यांच्या सपाट खोऱ्यात पूर येतात, एवढेच यातून निष्पन्न झाले. ते सांगायला खणण्याची आवश्यकता नव्हती.

१९६४ मध्ये मॅक्स मॅलोवन यांनी या साऱ्या थरांची फेरतपासणी करून शुरुप्पकच्या थराकडे कौल दिला. त्यांचा युक्तिवाद संयत आहे. परंतु शुरुप्पकच का? कारण सुमेरी परंपरेत पुरातून वाचलेला पुरुष, झिउसुद्र, शुरुप्पकचा आहे. म्हणजे थर निवडला संहितेच्या आधाराने, आणि मग त्या थराने संहितेला आधार दिला. हे चक्र या विषयात वारंवार फिरताना दिसते.

१९९७ मध्ये विल्यम रायन आणि वॉल्टर पिटमन या दोन सागरभूशास्त्रज्ञांनी काळ्या समुद्राचा सिद्धान्त मांडला आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. हिमयुगानंतर भूमध्य समुद्राची पातळी वाढून इ.स.पू. ५६०० च्या सुमारास बॉस्फरसचा बांध फुटला, काठची शेती-वस्ती बुडाली, आणि तेथून पांगलेल्या लोकांनी ती आठवण सर्वत्र नेली, असे त्यांचे म्हणणे. हा पूर किती मोठा होता यावर भूशास्त्रज्ञांतच तीव्र मतभेद आहेत. २००९ मध्ये डॅन्यूबच्या मुखाशी असलेल्या गाळाच्या अभ्यासावरून पाण्याची वाढ त्या दोघांच्या अंदाजाच्या मानाने बरीच किरकोळ असावी, असे मत पुढे आले. तो वाद त्या शास्त्राच्या लोकांनी मिटवावा. साहित्याच्या अभ्यासकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो रायन-पिटमन यांच्या समर्थकांनी किंवा विरोधकांनी फारसा विचारलेला दिसत नाही. काळ्या समुद्रात आलेले पाणी परत गेले नाही. ते आजही तेथे आहे. 'अत्रहसिस', 'गिल्गमेश' आणि 'उत्पत्ती' या तिन्ही ठिकाणी मात्र कथेचा सारा भार पाणी ओसरण्यावर आहे. पाणी ओसरते म्हणून तर पक्षी सोडता येतात, होम करता येतो, नवी व्यवस्था लावता येते. ज्यांची जमीन कायमची गेली त्यांनी जमीन परत मिळाल्याची कथा का सांगावी? स्मृती बदलते, हे उत्तर येथे पुरे पडत नाही. स्मृती जर आपल्या विषयाच्या नेमकी उलट होऊ शकत असेल, तर तिच्यावरून मूळ घटना ओळखण्याचा मार्गच बंद होतो.

३

उगमशोधाची पद्धत अशी असते : अनेक कथा जमवायच्या, त्यांतील वेगळेपण हे स्थानिक अलंकरण म्हणून बाजूला सारायचे, आणि जे समान उरेल तो गाभा मानायचा. फ्रेझरने १९१८ मध्ये प्रचंड व्यासंगाने जगभरच्या पूरकथांचा संग्रह केला, तो या दृष्टीने वाचला तर एक गोष्ट जाणवते. जितक्या कथा अधिक तितका गाभा कृश. शेवटी उरते ते एवढेच की पाणी आले, बहुतेक मेले, कोणी वाचले. हा गाभा कोणत्याच कथेचा अर्थ नाही. कथेने त्या पुराचे काय केले, हे समजायचे तर जे टाकून दिले त्याच्याकडे वळावे लागते.

'अत्रहसिस'चे उदाहरण घेऊ. या काव्याची जी प्रत सर्वाधिक जपली गेली ती बाबिलोनच्या अम्मीसदुक राजाच्या काळात, इ.स.पू. सतराव्या शतकात, एका लेखनिकाने केलेली आहे; तिची प्रमाण आवृत्ती लॅम्बर्ट आणि मिलर्ड यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. काव्य पुरापासून सुरू होत नाही, मजुरीपासून सुरू होते. माणूस अजून निर्माण व्हायचा आहे. कनिष्ठ देव नद्या आणि कालवे खणत आहेत. ते कंटाळतात, अवजारे जाळतात आणि रात्री एन्लिलच्या वाड्याला वेढा घालतात. तोडगा निघतो : एका देवाला मारून त्याचे मांस आणि रक्त मातीत कालवायचे आणि त्यातून माणूस घडवायचा, म्हणजे कष्ट त्याच्यावर टाकता येतील. पण माणसे वाढतात आणि त्यांचा गोंगाट होतो. एन्लिलची झोप मोडते. तो रोगराई पाठवतो, अवर्षण पाठवतो, दुष्काळ पाठवतो. हे सारे फसल्यावर पूर. पुराचे सात दिवस देवांना महाग पडतात, कारण कष्ट करणारा आणि नैवेद्य देणारा तोच नाहीसा झालेला असतो. मातृदेवता रडते. अत्रहसिसने होम करताच भुकेले देव माश्यांसारखे भोवती जमतात. शेवटी समेट होतो तो असा की माणूस राहील, पण काही स्त्रिया वांझ असतील, काही अर्भके दगावतील, काही स्त्रिया व्रतस्थ राहून मूल होऊ देणार नाहीत.

हे काव्य पुराविषयी आहे असे म्हणणे म्हणजे ते अर्धेच वाचणे. ते श्रमाविषयी आहे, संख्येविषयी आहे, आणि घरात मूल का दगावते याविषयी आहे. ज्या समाजात वेठीने कालवे खणले जात आणि काठावर शहरे दाटत, त्या समाजाने पाण्याच्या प्रतिमेतून विचारलेला हा राजकीय प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर इतके कठोर आहे की वाचणारा अस्वस्थ व्हावा. वुलींच्या अकरा फूट गाळात यातले काहीही सापडणार नाही.

आता तोच पूर 'गिल्गमेश'मध्ये पाहावा. जेफ्री टिगे यांनी १९८२ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे ही कथा त्या महाकाव्यात मागाहून, 'अत्रहसिस'च्या परंपरेतून आलेली आहे. येताना तिने मजुरी टाकली, गोंगाट टाकला, जन्मावरचे निर्बंध टाकले. देवांनी पूर का आणला हे उत्नपिश्तिम सांगतच नाही. सांगण्याचे त्याला कारणही नाही; मरणाच्या भीतीने त्याच्यापर्यंत आलेल्या गिल्गमेशाला त्याला एवढेच पटवायचे आहे की मला अमरत्व मिळाले ते एकदाच घडलेल्या प्रसंगाने, आणि तो प्रसंग तुझ्यासाठी पुन्हा घडणार नाही. तीच नौका, तेच सात दिवस, त्याच माश्या. पण पुराचे काम बदलले. आणि 'उत्पत्ती'त नोहाचे तारू थांबल्यावर देवाची पहिली आज्ञा आहे ती वाढण्याची, पृथ्वी भरून टाकण्याची. 'अत्रहसिस'चा शेवट माहीत असलेल्याला हे वाक्य उत्तरादाखल उच्चारल्यासारखे वाटते. 'उत्पत्ती'तील हा भाग दोन संहिता एकत्र विणून झालेला आहे, एकीत चाळीस दिवस आणि दुसरीत दीडशे, एकीत शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या आणि दुसरीत सर्वांची एकच जोडी, हे एकोणिसाव्या शतकापासून सर्वमान्य आहे. विणणाऱ्याने विसंगती पुसल्या नाहीत, हे मला त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते. नंतरच्या संशोधकांनी जेवढी घाई केली तेवढी त्याने केली नाही.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. 'अत्रहसिस'पासून 'गिल्गमेश'पर्यंत आणि तेथून 'उत्पत्ती'पर्यंतचा प्रवास शोधणे हाही उगमशोधच आहे, आणि मी आताच त्याचा आधार घेतला. फरक एवढाच की येथे उगम म्हणजे दुसरी संहिता आहे. तिच्याशी तुलना केली की उत्तरसंहितेने काय निवडले आणि काय गाळले ते दिसते. घटनेशी तुलना केली तर हे दिसत नाही, कारण घटनेला स्वतःचा अर्थ नसतो.

४

आपल्याकडील मनु-मत्स्यकथेची स्थिती याहून शोचनीय आहे, कारण तिला आधी बाबिलोनची उधारी ठरवण्यात आले आणि त्या आरोपाला उत्तर म्हणून हिमयुगाची साक्ष ठरवण्यात आले. एकोणिसाव्या शतकात बर्नूफसारख्या मोठ्या पंडिताने ही कथा सेमिटिक मूळची मानली. लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या आर्क्टिक निवासस्थानावरील ग्रंथात तिला निराळ्याच चौकटीत बसवले. वेन्दिदादमध्ये यिमाला येणाऱ्या भीषण हिवाळ्याची पूर्वसूचना मिळते आणि तो माणसे, पशू आणि बीजे यांच्यासाठी 'वर' नावाचे आवार बांधतो. टिळकांच्या मते ही हिमाची कथा आणि मनूची पाण्याची कथा मुळात एक आहेत, आणि दोहोंत आर्यांची उत्तरेकडील मूळ भूमी इ.स.पू. १०,००० ते ८,००० च्या सुमारास बर्फाखाली गेल्याची आठवण आहे. पाण्याचे बर्फ करण्यासाठी त्यांनी पाणिनीची साक्ष काढली : 'प्रालेय' म्हणजे हिम हा शब्द पाणिनी 'प्रलय' या शब्दापासून साधतो (७.३.२).

या युक्तिवादाची बुद्धिमत्ता मान्य करूनही एक साधी गोष्ट नमूद केली पाहिजे. शतपथ ब्राह्मणातील कथेत (१.८.१) 'प्रलय' हा शब्द नाहीच. तेथे शब्द आहे 'औघ'. ओघ म्हणजे वाहते पाणी, लोंढा. त्यात विश्वाचा लय नाही, कल्पान्त नाही, हिम तर नाहीच. वनपर्वात हीच कथा मार्कण्डेय सांगतो तेव्हा लोकांच्या 'संप्रक्षालना'चा, म्हणजे धुऊन काढण्याचा, काळ आला असे मत्स्य म्हणतो. मत्स्यपुराणात आणि भागवतात ती खऱ्या अर्थाने प्रलयाची, युगचक्राच्या एका ठरीव वळणाची कथा होते. ओघापासून प्रलयापर्यंतचा हा प्रवास भारतीय कालकल्पनेच्या इतिहासातला महत्त्वाचा टप्पा आहे. पण आपण मराठीत सर्वच कथांना सरसकट 'जलप्रलय' म्हणतो, मराठी बायबलही तोच शब्द वापरते, आणि अशा रीतीने शेवटचा अर्थ पहिल्या संहितेत आधीच नेऊन ठेवतो. मी स्वतः या लेखाची सुरुवात याच शब्दाने केली आहे.

शतपथातील कथा मुळात किती लहान आहे! सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूच्या हाती एक मासा येतो. मला पोस, मी तुला तारीन, असे तो म्हणतो. कशापासून? सर्व प्रजा वाहून नेणाऱ्या औघापासून. मासा कुंभात, मग खड्ड्यात, मग समुद्रात वाढतो. सांगितलेल्या वर्षी मनू नाव तयार ठेवतो. माशाच्या शिंगाला दोर बांधला जातो. उत्तरेच्या गिरीवर नाव झाडाला बांधून, पाणी उतरेल तसतसा मनू खाली येतो. सर्व प्रजा वाहून गेली, मनू एकटा उरला. पुराचे कारण दिलेले नाही. कोणाचे पाप नाही, देवाचा कोप नाही. पाऊस पडल्याचाही उल्लेख नाही. नावेत बीजे नाहीत, पशूंच्या जोड्या नाहीत, ऋषी नाहीत. ज्या तपशिलांवर बाबिलोनशी किंवा यिमाच्या आवाराशी तुलना उभी आहे, ते तपशील या पहिल्या संहितेत नाहीत. ते महाभारतात येतात.

मग ही कथा येथे कशासाठी आहे? शतपथाचे पहिले काण्ड दर्शपूर्णमास यागाचे आहे, आणि हा भाग त्यातील इडाकर्माचा. एकटा उरलेला मनू प्रजेच्या इच्छेने तूप, दही, मस्तु आणि आमिक्षा पाण्यात अर्पण करतो. वर्षभराने त्यातून एक स्त्री उठते. ती इडा. मित्र आणि वरुण तिला विचारतात, तू कोणाची? मनूची, असे ती म्हणते. आमची म्हण, असे ते सुचवतात. ती नकार देते; पण त्यांना तिच्यात वाटा हवा असतो. तेव्हा तिने तो कबूल केला किंवा केला नाही, असे म्हणून संहिता तो मुद्दा सोडून देते आणि इडा पुढे निघून जाते. पुढे मनूला ती सांगते की यज्ञाच्या मध्यभागी माझा उपयोग कर. ब्राह्मणकाराला कथा सांगायची आहे ती या 'मध्यभागा'पर्यंत पोहोचण्यासाठी. पूर येथे प्रस्तावना आहे : जग रिकामे झाल्याशिवाय केवळ हविद्रव्यातून प्रजा निर्माण होऊ शकते हा दावा करता आला नसता. उगमशोधकांनी प्रस्तावना ठेवली आणि इडेला गाळले. महाभारतातही ती उरलेली नाही. तेथे मनू तपाने प्रजा निर्माण करतो.

माशाकडेही असेच दुर्लक्ष झाले. लहान असताना आम्हांला फार भय असते, मासाच माशाला गिळतो, म्हणून मला पोस, असा त्याचा युक्तिवाद आहे. पुढे राजशास्त्रात 'मत्स्यन्याय' म्हणून जी कल्पना रूढ झाली तिचे बीज वाटावे असा हा मजकूर पूरकथेच्या तोंडाशीच आहे. आणि अर्थशास्त्रात (१.१३) मत्स्यन्यायाने पीडित प्रजेने वैवस्वत मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा भाग देऊ केला, असे येते. (हे तेथे कौटिल्य स्वतःच्या मुखाने सांगत नाही, लोकांत राजाविषयी अनुकूल मत पसरवण्यासाठी गुप्तहेरांनी हे बोलावे असे त्याचे मार्गदर्शन आहे. या तपशिलाकडे आपल्याकडील राज्यशास्त्राच्या अध्यापकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.) शतपथातील मासा आणि अर्थशास्त्रातील मनू यांत सरळ वंशसंबंध आहे असे मी म्हणणार नाही, तसे म्हटले तर मीही एका नव्या उगमाच्या शोधाला लागलो असे होईल. एवढेच की दोन्ही संहितांत मनू आणि माशाचे भय शेजारी-शेजारी उभे आहेत, आणि दुबळ्याचे रक्षण व त्याच्या बदल्यात मिळणारा मोबदला हा करार दोहोंच्या मुळाशी आहे. शतपथात दुबळा रक्षकाला तारतो. अर्थशास्त्रात तो रक्षकाला कर देतो. पूर बाजूला ठेवूनच हे दिसू लागते.

वाचवले काय जाते, या एका प्रश्नाने या सर्व संहिता लावून पाहाव्यात. शतपथात यज्ञ करणारा वाचतो. वनपर्वात सप्तर्षी आणि बीजे. भागवतात (८.२४) हयग्रीव असुराने पळवलेले वेद परत मिळवले जातात, आणि नाव पाण्यावर असताना मत्स्य द्रविडराजा सत्यव्रताला ज्ञानोपदेश करतो, मत्स्यपुराण तर स्वतःच मत्स्य आणि मनू यांचा संवाद म्हणून उभे आहे, म्हणजे पूर हा ग्रंथनिर्मितीचा प्रसंग झाला. बेरोससच्या वृत्तान्तातही पुराआधी सर्व लेखन सिप्पर नगरीत पुरून ठेवण्याची आज्ञा आहे, आणि अश्शुरबनिपाल आपल्या विद्येची थोरवी सांगताना पुरापूर्वीचे लेख आपण वाचल्याचे अभिमानाने नोंदवतो. सुमेरी राजावळीत पूर ही यादीतली एक आडवी रेघ आहे : वर आधीचे राजे, खाली नंतरचे. ग्रंथ सांभाळणाऱ्या वर्गाच्या हाती कथा गेली की तिच्यातून ग्रंथ वाचू लागतो. हे साम्य भागवत आणि बेरोसस यांच्यात देवघेव झाली म्हणून आहे असे मानण्याची मला गरज वाटत नाही. दोन्ही ठिकाणी लेखणी कोणाच्या हाती होती, ते पाहणे पुरेसे आहे.

५

येथवरच्या विवेचनाचा अर्थ कथांचा घटनांशी काही संबंधच नसतो, असा कोणी काढला तर तो चुकीचा होईल. तसे म्हणणे सोपे आहे, आणि संरचनावादाच्या भरात ते पुष्कळदा म्हटलेही गेले. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील आदिवासींच्या कथांत गरुडासारखा महापक्षी आणि देवमासा यांच्या झुंजीत भूमी हादरते आणि समुद्र आत येतो. त्या किनाऱ्यावर २६ जानेवारी १७०० रोजी महाभूकंप झाला होता, हे जपानमधील त्सुनामीच्या लिखित नोंदींवरून निश्चित करता आले आहे. क्लामथ लोकांच्या कथांतील पर्वत कोसळण्याचा संबंध सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीच्या माझामा ज्वालामुखीशी जोडला जातो. पॅट्रिक नन आणि निकोलस रीड यांनी २०१५ नंतर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील एकवीस ठिकाणच्या आदिवासी कथा एकत्र केल्या. येथे पूर्वी कोरडी जमीन होती, आमचे पूर्वज येथे शिकार करीत, हे बेट पूर्वी जमिनीला जोडलेले होते, असे त्या सांगतात. समुद्र आजच्या पातळीला येऊन सुमारे सात हजार वर्षे झाली. या कथा वसाहतकाळात नोंदवल्या गेल्या आणि उथळ समुद्राकडे पाहूनही असे अनुमान कोणी करू शकेल, हे आक्षेप गंभीर आहेत. तरीही एकवीस ठिकाणे एकदम झटकून टाकता येत नाहीत.

या कथांचे रूप मात्र पाहावे. त्यांत नौका नाही, एकमेव वाचलेला पुरुष नाही, करार नाही. आणि पाणी ओसरत नाही. एका ठिकाणाचे नाव आहे, आणि ते ठिकाण आता पाण्याखाली आहे. ओसरणाऱ्या पाण्याच्या आणि न ओसरणाऱ्या पाण्याच्या कथा हे दोन वेगळे कथाप्रकार मानावेत, असे मी सुचवतो. पहिल्या प्रकारात पाणी एक जग पुसते, ते दुसरे मांडण्यासाठी. त्यात घटना असलीच तर ती मांडणीत विरघळून गेलेली असते. दुसऱ्या प्रकारात निदान घटनेचा प्रश्न विचारण्यास जागा आहे. जागा आहे, एवढेच. पहिल्या दोन संगमांचे ग्रंथ आणि नगरे समुद्राने गिळली, ही तमिळ परंपरेतील कथा न ओसरणाऱ्या पाण्याचीच आहे. पण हरवलेल्या ग्रंथांनी उरलेल्या ग्रंथांना प्राचीनत्व बहाल करणे हे तिचे कार्य उघड आहे. तिच्यावर एकोणिसाव्या शतकात युरोपियनांनी कल्पिलेल्या लेमुरियाचे कलम कसे झाले आणि त्यातून कुमरीखण्ड कसे उभे राहिले, हे सुमती रामस्वामी यांनी २००४ च्या ग्रंथात दाखवले आहे.

आपल्याकडे याच प्रकारात द्वारका येते, आणि तिच्या बाबतीत प्रश्न निव्वळ विद्वत्तेचा राहिलेला नाही. १९६३ मध्ये डेक्कन कॉलेजने द्वारकेत उत्खनन केले, त्याचे निष्कर्ष झेड. डी. अन्सारी आणि म. श्री. माटे यांनी प्रसिद्ध केले, पुढे एस. आर. राव यांनी समुद्रतळाचा शोध घेतला. २००१ मध्ये खंभातच्या आखातात ध्वनिलहरींनी घेतलेल्या प्रतिमा आणि तळ खरवडून वर आणलेल्या वस्तू यांवरून साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे नगर सापडल्याची घोषणा झाली. प्रवाहाने कोठून वाहून आणल्या हे सांगता येत नाही अशा वस्तूंवरून नगराचा काळ ठरवता येत नाही, हे पुरातत्त्वज्ञांनी तेव्हाच दाखवून दिले होते. घोषणेचा परिणाम त्यामुळे कमी झाला नाही. हसमुख सांकलिया यांनी १९७० नंतरच्या दशकात रामायणाच्या ऐतिहासिकतेविषयी लिहिताना जो संयम पाळला आणि त्यासाठी जो रोष पत्करला, त्याची आठवण या संदर्भात होते.

मौसलपर्वात द्वारकेच्या बुडण्याला मिळालेली जागा थोडी आहे. यादव आपसांत लढून मेले आहेत, कृष्ण गेला आहे. अर्जुन उरलेल्या स्त्रिया, मुले आणि वृद्धांना घेऊन निघतो, आणि ते जो जो भाग सोडतात तो तो समुद्र व्यापत जातो. समुद्राचे काम तेवढ्यात संपते. पाणबुडे आणि ध्वनियंत्रे घेऊन आपण ज्या जागेपाशी थांबतो, तेथून महाभारत केव्हाच पुढे गेलेले असते. अर्जुन पंचनदाच्या प्रदेशात पोहोचतो, तेथे आभीर काठ्या घेऊन तांड्यावर तुटून पडतात, आणि गांडिवाला दोरी चढवायलाच त्याला कष्ट पडतात. अस्त्रे आठवत नाहीत, अक्षय भात्यातले बाण संपतात, आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रिया नेल्या जातात; काही आपणहून जातात. हे का झाले ते विचारायला तो व्यासांकडे जातो.